करी शकाय

'केले जाऊ शकते' या तीन शब्दांवर मी जेवढी तांबडी शाई खर्चली, तेवढी ऱ्हस्वदीर्घाच्या सगळ्या चुका मिळूनही खर्चली नसेल. निबंधात कुणी 'प्रदूषण कमी केले जाऊ शकते' असं लिहिलं, की मी खाली दुहेरी रेघ ओढायचो आणि समासात विचारायचो, 'कोण करणार?' इंग्रजी वहीत 'इट कॅन बी डन' दिसलं की तीच रेघ, तोच प्रश्न. चौदा वर्षं हा प्रश्न विचारत आलो आणि दर वेळी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. मुलांना वाटायचं सर कडक आहेत. मला वाटायचं मी खरा आहे.

मी कामरेजला इंग्रजीचा क्लास घेतो. सुरतेहून ईशान्येला निघालं की मुंबई-अहमदाबाद हमरस्ता तापी ओलांडायच्या जरा आधी हे गाव लागतं. चार रस्त्यावर रात्री सौराष्ट्राकडे जाणाऱ्या लक्झरी बसांची गर्दी असते. त्याच रस्त्यावर दुकानांच्या वरच्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. मूळचा मी नंदुरबारकडचा. अर्धा खानदेश जसा आला तसेच माझे वडीलही सुरत-भुसावळ गाडीत बसून लूमवर काम करायला उधन्याला आले, आणि दहाव्या वर्षी मी महापालिकेच्या मराठी शाळेत बसलो. सुरतेची महापालिका मराठीच्या शाळा चालवते, तशा उर्दूच्या, उडियाच्या, तेलुगूच्याही चालवते. त्यामुळे एका मैदानात चार भाषांतून शिव्या शिकण्याची सोय होती.

क्लासमध्ये निम्मी मुलं काठियावाडी. बाप हिऱ्याच्या कारखान्यात, मुलाला कॅनडाला जायचं म्हणून आयईएलटीएस करायचं. उरलेल्यांत आमच्या खानदेशी घरांतल्या मुली बऱ्याच. कुणाला नर्सिंग, कुणाला बँकेची परीक्षा. शाळा बहुतेकींची गुजराती माध्यमाची, घरात अहिराणी, टीव्हीवर हिंदी, आणि मराठी आत्याशी फोनवर.

माझा राग कुठून आला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. वडील ज्या कारखान्यात होते तिथे दारापाशी फळा असायचा. त्यावर खडूने सूचना लिहिलेली असे, की उशिरा आल्यास पगार 'कापवामां आवी शके छे'. कापण्यात येऊ शकतो. कोण कापणार ते फळ्यावर कधीच नसायचं. शेठ कधी दिसायचे नाहीत, मुकादम म्हणायचा माझ्या हातात काही नाही, आणि महिनाअखेरीस पगार मात्र कापलेला असायचा. वडील ती ओळ मला वाचायला लावायचे, कारण त्यांना गुजराती लिपी नीट येत नव्हती. कर्ता नसलेलं वाक्य माणसाचा खिसा कापतं, हे मी व्याकरण शिकण्याच्या आधी शिकलो.

पुढे बी.ए.ला असताना मो. रा. वाळंब्यांचं व्याकरण हातात आलं. स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या पिशवीत आजही ते असतंच. त्यात कर्मणी प्रयोगाचे प्रकार आहेत, आणि 'रावण रामाकडून मारला गेला' या धाटणीच्या वाक्याला 'नवीन कर्मणी' असं नाव आहे. नवीन, कारण ते इंग्रजी पॅसिव्हच्या वळणाचं. झालं! माझ्या रागाला शास्त्राचा आधार मिळाला. मी ठरवून टाकलं, की मराठीचा पिंड कर्त्याचा, कर्मणी ही साहेबाच्या कचेरीतून आलेली रोगराई, आणि 'केले जाऊ शकते' म्हणजे त्या रोगाचं टोक, कारण तिथे माणूसही नाही आणि जबाबदारीही नाही.

पण इंग्रजी शिकवायचं तर तेच शिकवावं लागे. आयईएलटीएसच्या लेखी परीक्षेत कधीकधी एखाद्या प्रक्रियेचं चित्र देतात, वीट कशी तयार होते, साखर कशी तयार होते, आणि ते कर्मणीशिवाय लिहिता येत नाही. मी त्यातून माझी वाट काढली. अर्थ शिकवायचाच नाही. फळ्यावर 'कॅन + बी + तिसरं रूप' असं लिहायचं आणि मुलांकडून ओरडून घ्यायचं. कॅन बी सीन, कॅन बी मेड, कॅन बी सोल्ड. 'कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजे कदाचित, घोका आणि पुढे चला.' त्याच परीक्षेतल्या निबंधाच्या प्रश्नासाठी 'इट कॅन बी आर्ग्यूड दॅट' हे वाक्य तर मी तावीज बांधावा तसं प्रत्येकाच्या दंडाला बांधलं. नंतर आपल्या आवडत्या सणावर लिहितानाही पोरं 'इट कॅन बी आर्ग्यूड दॅट दिवाळी इज माय फेवरिट' असं लिहायला लागली. तेव्हाही मला वाटलं दोष भाषेचा आहे.

दोन पावसाळ्यांमागची गोष्ट. 'द मशीन कॅन बी रिपेअर्ड' या वाक्याचं मराठी विचारलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिचे वडील एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात, त्यामुळे मशीन तिच्या रोजच्या ओळखीचं. म्हणाली, "मशीन रिपेर करी शकाय."

"मराठीत सांग. गुजराती घुसवू नकोस."

ती गप्प राहिली. मग हळूच, "दुरुस्त करता येतं. पण सर, गुजरातीत ते बरोब्बर बसतं ना? करी शकाय."

काठियावाडी पोरं हसली. तिला वाटलं तिलाच हसली. मला वाटलं मला. मी चिडलो आणि तिला 'मशीन दुरुस्त केले जाऊ शकते' हे तीनदा लिहून आणायला सांगितलं. ज्या वाक्यावर मी चौदा वर्षं तांबड्या रेघा ओढल्या, तेच वाक्य तिला शिक्षा म्हणून लिहायला लावलं! ती दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात लिहून घेऊन आली. मी खाली सही केली.

सही करताना काही वाटलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. टोचायला लागलं ते आठवड्याने, आणि तेही चहाच्या टपरीवर. एक गाडीवाला काच खाली करून विचारत होता, "अहीं पार्क कराय?" टपरीवाला भावनगरकडचा. त्याने हात हलवला, "नो कराय." इतकंच. मी कपात बघत राहिलो. कोण पार्क करणार ते त्यात नव्हतं. कोण मनाई करतंय तेही नव्हतं. दोन्ही माणसं समोरासमोर उभी होती, लपण्याचा प्रश्नच नव्हता, आणि तरीही वाक्य कर्मणी होतं.

तीस वर्षं ही भाषा कानावर पडत होती आणि मी ती ऐकलीच नव्हती. शेजारची बाई पोराला दटावते, "एवुं न बोलाय." काठियावाडी असली तर 'नो बोलाय', अस्सल सुरती असली तर 'नी बोलाय'. 'आ पाणी पिवाय?' म्हणजे हे पाणी पिण्याजोगं आहे का. 'अहींथी जवाय?' म्हणजे इथून वाट आहे का. क्रियापदाला एक 'आय' लावला की कर्मणी झालं, शक्यता आली, परवानगी आली आणि शिष्टाचारही आला. शिवाय गुजराती आणखी एक गंमत करते. ती 'शकवुं' या क्रियापदालाच कर्मणीत घालते आणि 'शकाय' करते. इंग्रजीला हे साधत नाही. 'कॅन' हा मोठा ताठ गडी, त्याला कर्मणीही होता येत नाही आणि 'टू' लावून वाकताही येत नाही. म्हणून इंग्रजी कर्मणीचं ओझं पुढच्या क्रियापदावर टाकते, 'डू'चं 'बी डन' होतं. ओझं कोणाच्या डोक्यावर द्यायचं एवढाच फरक. सामान तेच. त्या मुलीला हे नियमातून नव्हे, कानातून कळलं होतं, आणि तिने ते मला फुकटात सांगितलं होतं.

मग माझं स्वतःचं घर तपासणं भाग पडलं. ती दुसरं काय म्हणाली होती? 'दुरुस्त करता येतं.' तेव्हा मी हे कानाआडच केलं होतं. 'केले जाऊ शकते' मला आवडत नाही म्हणून मराठीत 'कॅन बी डन' नाही, असा माझा हिशेब. आणि प्रत्येक मराठी माणूस दिवसातून दहा वेळा म्हणतो : इथून जाता येतं, हे दुरुस्त करता येईल, ते आता बदलता येणार नाही. यात कर्ता सांगितला तर 'मला', नाही सांगितला तर कुणाचं अडत नाही. 'वाचवता आलं असतं' हे तर इंग्रजीच्या 'कुड हॅव बीन सेव्ह्ड'पेक्षा आतून येतं. चार शब्दांची इंग्रजी उतरंड आपण तीन शब्दांत रचतो आणि त्यात हुरहुरही मावते.

या 'येतं'ने मला आणखी एक धक्का दिला. आपण 'मला इंग्रजी येतं' म्हणतो आणि 'मला पोहता येतं'ही म्हणतो. माहीत असणं आणि करता येणं, दोन्हींना एकच क्रियापद. इंग्रजीतल्या 'कॅन'चं मूळ बघितलं तर जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'जाणणे' असाच होता, जाणण्यातून ते करता येण्याकडे सरकलं. आणि 'मे'चं मूळ? बळ असणे. 'माइट' म्हणजे ताकद, तो याच घरातला. आपल्या 'शक्'चा अर्थही तोच, शक्ती, शक्य. म्हणजे अर्थाच्या कुळाने बघायला गेलं तर 'कॅन'ची बहीण 'येणे' आणि 'मे'ची बहीण 'शकणे'. मी चौदा वर्षं फळ्यावर नेमकी उलटी लग्नं लावत होतो. आजच्या वापरात हे कुळ चालवायचं नाही, हे मलाही कळतं. शब्द माहेर सोडून फार लांब गेलेत. पण 'कॅन म्हणजे शकणे' असं छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसाला एवढं तरी माहीत असायला हवं होतं.

'मे म्हणजे कदाचित' या दुसऱ्या मंत्राची फजिती मात्र पुस्तकात झाली नाही, दवाखान्यात झाली. गेल्या हिवाळ्यात माय आजारी पडली. छातीत कफ, चालायची ताकद गेलेली. पहिल्या रात्री गावाकडे मोठ्या भावाला फोन केला आणि म्हणालो, "दादा, मायला उठवत नाही." तो संतापला. "का नाही उठवत? कोण आहे तिथं ड्यूटीवर?" त्याने ऐकलं, की मायला कुणी उठवत नाही. मी म्हणत होतो तिच्याने उठवत नाही. मराठीतलं शक्य क्रियापद आणि प्रयोजक क्रियापद एकाच अंगरख्यात फिरतात, त्याचा हा प्रसाद. पण तेव्हा हसण्याची वेळ नव्हती. आज लिहिताना जाणवतं, की त्या रात्री मी कोणताही विचार न करता जे वाक्य उच्चारलं ते मराठीतलं जुनं, घरातलं, शक्य कर्मणीच्या जातीचं होतं. उठवत नाही, गिळवत नाही, बोलवत नाही, बघवत नाही. कर्मणी म्हणजे साहेबाची रोगराई म्हणणाऱ्याच्या तोंडून दुखण्याच्या वेळी पहिलं तेच बाहेर आलं.

पाचव्या दिवशी सकाळी मायच्या फाइलवर डॉक्टरांनी लिहिलं, की पेशंट 'मे बी डिस्चार्ज्ड टुमॉरो'. इंग्रजीचा मास्तर मीच, सगळे माझ्याकडे बघणार. मी सर्वांना समजावलं, मे म्हणजे कदाचित, नक्की काही नाही, उद्या सोडतील किंवा नाही सोडणार. गाडी सांगू नका. बहिणीला उधन्याहून दोन दिवसांचा डबा घेऊन यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता केरळकडची एक नर्स खाट मोकळी करायला आली. आम्ही डबे उघडून बसलेलो. तिने आमच्याकडे बघितलं आणि तिच्या मोडक्या गुजरातीत सांगितलं, "साहेब, बाने लई जवाय. डॉक्टरे काले ज हा पाडी छे."

लई जवाय. न्यायला हरकत नाही. डॉक्टर शक्यता वर्तवत नव्हते, त्यांनी परवानगी दिली होती. 'मे'चा हा अर्थ मला माहीत नव्हता का? होता. 'मे आय कम इन' हे मी रोज ऐकतो. पण त्या 'मे'मागे 'बी' आणि तिसरं रूप लागलं, की माझं डोकं आपोआप घोकलेल्या खणात जाऊन बसायचं. जो खण मी शेकडो पोरांच्या डोक्यात ठोकून बसवला होता. आणि एक नर्स, जिची मातृभाषा ना गुजराती ना इंग्रजी, तिने तो एका 'जवाय'ने उघडला. गाडी मिळेपर्यंत दोन वाजले. माय व्हीलचेअरमध्ये बसून डब्यातली भाकरी मोडत होती, तिला एकूण प्रकार आवडलेला दिसला.

नकारात तर हे 'मे' आणखी फसवं. 'द गेट मे नॉट बी ओपन्ड' हे वाक्य फाटकावर लिहिलेलं असेल तर उघडायला मनाई आहे. तेच शेजारी काळजीने म्हणाला तर फाटक बहुधा उघडणार नाही. मराठी इथे सरळ दोन वाटा करते, 'उघडू नये' आणि 'उघडणार नाही बहुतेक'. मुलांना आता मी विचारतो, हे वाक्य कुठे लिहिलंय? कोणाच्या तोंडात आहे? 'कोण करणार' या माझ्या जुन्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा निघाला.

आणि एक तपशील, ज्याने माझा उरलासुरला माज उतरवला. 'पाहिजे' हा शब्द. मराठीचा पिंड कर्मणीचा नाही असं ठणकावताना मी बायकोकडे चहा मागायचो तो 'चहा पाहिजे' म्हणूनच. जुन्या मराठीत '-इजे' लागून कर्मणी रूपं व्हायची : कीजे, बोलिजे, म्हणिजे. केले जाते, केले जावे, अशा अर्थछटांची. ज्ञानेश्वरांच्या काळच्या भाषेत ती जागोजाग आहेत आणि शाळेच्या व्याकरणात त्यांनाच पुराणकर्मणी म्हणतात. त्यांतली दोन जिवंत राहिली आणि इतकी रुळली, की त्यांचं कर्मणीपण कुणाला दिसेनासं झालं. 'म्हणिजे'चं 'म्हणजे' झालं, आणि 'पाहणे'चं कर्मणी 'पाहिजे' तसंच राहिलं. म्हणजे 'जायला पाहिजे', 'करायला पाहिजे' म्हणून आपण ज्या शब्दाने कर्तव्य सांगतो, तो स्वतः सातशे वर्षांचा कर्मणी आहे. वाळंब्यांच्या पुस्तकात 'नवीन कर्मणी'च्या आसपासच 'पुराणकर्मणी' छापलेलं आहे. मी एक मथळा वाचला आणि दुसरा वगळला. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठीचं व्याकरण लिहिलं, १९११ साली मोरो केशव दामल्यांनी शास्त्रीय व्याकरणाचा डोंगर उभा केला, आणि मी एका शब्दावर, 'नवीन'वर, माझं सगळं मत टांगून ठेवलं होतं.

तर आता मी कसं शिकवतो? सूत्र फळ्यावर आजही लिहितो, त्याशिवाय परीक्षा होत नाही. पण त्याआधी पोरांना विचारतो, घरी काय म्हणता? काठियावाडी म्हणतात 'करी शकाय', खानदेशी म्हणतात 'करता येतं', ओडिशाचा एक मुलगा आहे तो त्याचं सांगतो आणि मला ते लिहिता येत नाही म्हणून तोच फळ्यावर लिहितो. मग 'कॅन बी डन' येतं. ते पाहुण्यासारखं येतं, पोलिसासारखं येत नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्या आधीच्या किती पिढ्या इंग्रजी शिकल्या. भाषांतराने शिकवणं जुनाट, असं शिक्षकांच्या शिबिरात ऐकून मी तिला नावं ठेवली होती. मात्र शिबिरातही कुणी मला सूत्र घोकून घ्या असं सांगितलं नव्हतं. ती माझीच भर.

याला खड्डेही आहेत, ते लपवत नाही. 'मारथी चलातुं नथी', 'माझ्याच्याने चालवत नाही' यावरून एकाने लिहिलं, 'इट कॅन नॉट बी वॉक्ड बाय मी.' इंग्रजीत चालण्याला कर्म नाही, मग कर्मणी कुठून होणार. आपल्याकडे आणि गुजरातीत अकर्मकालाही ही मुभा आहे, इंग्रजीत नाही. पूर्वी मी यावर फुली मारली असती. आता त्या वाक्यावर पाऊण तास गेला, आणि शेवटी त्यानेच विचारलं, की मग इंग्रज माणूस थकला की काय करतो? 'आय कान्ट वॉक' म्हणतो, मी म्हणालो. थकला तरी 'आय' सोडत नाही. त्यावर पोरं खूप हसली, आणि यात थोडी अतिशयोक्ती आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या गावानेच शिकवली. कामरेज जुनं आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकातलं एक ग्रीक पुस्तक आहे, 'पेरिप्लस', तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या व्यापारी बंदरांची वाटाड्यासारखी माहिती देणारं. ते कोणी लिहिलं ते ठाऊक नाही, म्हणजे त्याच्याविषयी बोलतानाच कर्मणी वापरावा लागतो, 'लिहिलं गेलं'. भडोचच्या खाडीत शिरताना जहाजांना कुठे धोका आहे ते सांगताना त्यात कम्मोनी नावाच्या गावाचा उल्लेख येतो. चालुक्यांच्या ताम्रपटांत 'कार्मणेय आहार' असा विभाग येतो. (कर्मणीशी त्याचा संबंध नाही, पण मला हा शब्द फार आवडतो.) दोन्ही नावं आजच्या कामरेजशी जुळवली जातात, २००३ साली इथे उत्खननही झालं. इंग्रजी लेखांत त्यासाठी ठरलेली शब्दयोजना असते, 'मे बी आयडेंटिफाइड विथ कामरेज'. माझ्या जुन्या चष्म्यातून हे वाक्य पळपुटं होतं. कोण आयडेंटिफाय करतंय? नाव घ्या की!

आता तेच वाक्य मला सज्जन वाटतं. ओळखणारा कोण याला इथे महत्त्व नाही, पुरावा किती याला आहे, आणि पुराव्याएवढंच माप 'मे'ने टाकलंय. गावातला कुणी उत्साही माणूस 'दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक इथे येत होते' असं ठोकून देतो, तेव्हा त्याच्या वाक्यात कर्ता असतो, क्रिया असते, सगळं असतं, फक्त पुरावा नसतो. मराठीत यासाठी आपल्याकडे सुंदर शब्द आहे, 'असावे'. ते कम्मोनी म्हणजे हेच असावे. 'असेल'पेक्षा जरा वजनदार, 'आहे'पेक्षा नम्र. 'मे हॅव बीन' शिकवताना मी आता हेच उदाहरण देतो, कारण खिडकीतून तापीकडची बाजू दिसते आणि बोट दाखवता येतं.

सगळंच मत पालटलं असं मात्र नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून नऊ लाख क्युसेक्सच्या आसपास पाणी आलं आणि सुरत बुडाली. आमच्या चाळीत पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होतं, आम्ही दोन रात्री गच्चीवर काढल्या. तेव्हापासून दर पावसाळ्यात कानात एक वाक्य वाजतं, पाणी 'छोडवामां आवी शके छे', सोडण्यात येऊ शकते. इथे मला अजूनही कर्ता हवा असतो. किती वाजता, किती पाणी, कोणाच्या सांगण्यावरून. वडिलांच्या फळ्यावरची ओळ आणि ही ओळ एकाच साच्याच्या आहेत, आणि गुजरातीत 'करवामां आवे छे', मराठीत 'करण्यात येते' हा कचेरीचा कर्मणी मी आजही संशयानेच वाचतो. टपरीवरचं 'नो कराय' वेगळं. तिथे 'का नाही?' असं विचारलं तर टपरीवाला समोर उभा आहे, तो सांगेल. फळ्याला विचारायची सोय नव्हती. माझी चूक एवढीच, की फळ्याचा राग मी टपरीवाल्यावर आणि मागच्या बाकावरच्या मुलीवर काढला.

ती मुलगी आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत भेटायला आली तेव्हा मी तो विषय काढला, तीन ओळींची शिक्षा वगैरे. तिला आठवेना. म्हणाली, "सर, तुम्ही सगळ्यांनाच काही ना काही तीनदा लिहायला लावायचे." मी माफीचं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. तिने पेढे ठेवले आणि नव्या बॅचच्या मुलींशी बोलत बसली.

परवा आमच्या खालचा गाळा रिकामा झाला. मालकाने शटरवर पाटी लावली, 'भाडे आपवानुं छे', आणि खाली इंग्रजीत 'टू लेट'. वर येता येता एका पोराने विचारलं, "सर, दुकान स्वतः थोडंच भाड्याने देणार आहे? ते 'टू बी लेट' पाहिजे ना?" प्रश्न खरा होता. इंग्रजीत दोन्ही रूपं आहेत, आणि साध्या रूपातून कर्मणीचा अर्थ काढायची ही जुनी चाल आपल्या पाट्यांवरही आहे. 'भाड्याने देणे आहे' यात तरी देणारा कुठे दिसतो?

"दोन्ही चालतं," मी म्हणालो.

तो वहीत लिहून घ्यायला लागला. मग पेन थांबलं.

"सर, 'चालतं' म्हणजे कॅन की मे?"